दोन झटके

साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या पोहण्याच्या तलावात पाणी टिकत नव्हतं. सारिका परदेशात पाण्याचं शास्त्र शिकून गावाकडे परतली होती, ती एका हट्टानं. मागच्या उन्हाळ्यात इथल्याच दोन मुली शेततळ्यात बुडाल्या होत्या. आता एकही बुडू द्यायची नाही. उद्यापासून पोहण्याचा वर्ग होता. आज गळती सापडली नाही, तर संस्थाचालक तलाव मुरूम टाकून बुजवणार होते.

वैशाखातली भर दुपार. पाखरूही बोलत नव्हतं. रखवालदार पितांबर आबा सकाळपासून तिच्या मागे टोमणे मारत फिरत होता. एवढी शिकलीस, आता डबकी तपास, असं म्हणाला. मग पंपाच्या खोलीच्या दारात थुंकून हळूच म्हणाला, "बुजी टाका हाऊ खड्डा."

तलावाच्या जागी आधी विहीर होती. ती मुरूम टाकून बुजवण्याआधी तळाचा लोखंडी पाइप काढायला गावातला निंबा उतरला होता. वर दोर पितांबरनं धरला होता. त्या दिवसानंतर निंबा कुणाला दिसला नाही. सुरतला कामाला गेला, असं पितांबरनंच गावाला सांगितलं. निंबाची बायको सुमनबाई तेव्हापासून वसतिगृहात स्वयंपाक करी, आणि पितांबरच्या ताटात कधी स्वतःच्या हातानं वाढत नसे.

सारिकानं पंप सुरू केला. गाळणीच्या काचेच्या झाकणाखाली बुडबुडे उसळले. कुठूनतरी हवा खेचली जात होती. तिनं झाकणाच्या कडेला साबणाचा फेस लावला. फेस जागचा हलला नाही, म्हणजे झाकण ठीक. तलावाच्या वरच्या कडेचं पाणी ओढणाऱ्या तोंडाचा कॉक बंद केला, तर बुडबुडे वाढले. दोष तळाच्या जाळीकडून येणाऱ्या पाइपात होता. तिनं पंप बंद केला. आता दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा शून्यावर निजायला हवा होता.

काटा हलला. दोनदा. थांबला. पुन्हा दोनदा.

पाइपात हवा अडकली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. खोलीत ओल्या मुरमाचा वास भरला होता.

तळाशी रंग सोडून बघायचं ठरलं. सारिकाच्या कमरेला दोर सुमनबाईनं बांधला आणि विहिरीत उतरणाऱ्यांची रीत सांगितली: एक झटका म्हणजे टोपलं सोड, दोन म्हणजे वर ओढ. दुसरं टोक पितांबरच्या हातात देताना तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान वळवली.

सारिकानं बुडी मारून जाळीपाशी जांभळा रंग सोडला. गळती तिथं असेल, तर तो संथ, एकसारखा आत ओढला जायला हवा होता. पण त्याची बारीक रेघ जाळीत ओढली गेली, थांबली, पुन्हा ओढली गेली... आत कुणी श्वास घेत असल्यासारखी. ती दचकून मागे सरली, तेवढ्यात दोर जाळीत अडकला. तिनं कमरेची गाठ सोडली आणि ती वर आली.

पायरीला धरून ती धापा टाकत होती, तेव्हा पितांबरच्या हातातला दोर ताणला गेला. दोन झटके.

"पोरी... तू वर शे ना?"

"हो, आबा."

"मग खाल कोण शे?"

पुन्हा दोन झटके. सुमनबाई त्याच्या अगदी जवळ आली.

"वढ," ती म्हणाली. "त्या दिनले का नही वढा?"

पितांबरच्या हातून दोर सुटला. तो तिनं उचलला आणि हातावर हात टाकत शांतपणे ओढला. टोक वर आलं. सारिकानं सोडलेल्या टोकाला आता पक्का फास होता, माणसाच्या कमरेच्या मापाचा, लाल मुरमानं माखलेला.

सारिका पंपाच्या खोलीकडे धावली. काटा शून्यावर मेल्यासारखा पडला होता. ती परतली तेव्हा सुमनबाई दोराची गुंडाळी करत होती. काठावर पितांबरच्या वहाणा होत्या. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं आणि तळ रिकामा होता.

"आबा कुठं गेले?"

"सुरतले गया," सुमनबाई म्हणाली, आणि भाकरी टाकायला निघून गेली.

रात्रभरात पाणी बोटभरही उतरलं नाही. संस्थाचालकांनी नारळ फोडला. दुपारी मुली पाण्यात उतरल्या, म्हणून सारिकानं पंप बंद केला आणि सवयीनं काट्याकडे नजर टाकली.

बाहेर मुली खिदळत होत्या. काटा दोनदा हलला. थांबला. मग पुन्हा, आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जोरात.