निरोप्याची शेवटची चाचणी

तासगावात आमचं घर बेदाण्याच्या बाजारामागे आहे. तिथल्या पुढच्या खोलीत बसून अतिशयनं, माझ्या नवऱ्यानं, 'निरोप्या' लिहिला. काम साधं. एखाद्या प्रोग्रामला इंटरनेटवरून काही हवं असलं, की निरोप्या जाऊन विचारतो आणि उत्तर घेऊन येतो. अतिशयनं तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. आम्ही कधी न पाहिलेल्या देशांतले लोक तो वापरत.

गेल्या पावसाळ्यात कुंडलच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून अतिशय गेला. निरोप्या मी सांभाळू लागले. रडू आलं नाही. लोकांच्या तक्रारी यायच्या, मी चुका दुरुस्त करायचे, जेवायचे, झोपायचे.

नवी आवृत्ती सोडण्याआधी चाचण्या चालवाव्या लागतात. त्यातली शेवटची अतिशयनं हौसेनं लिहिली होती. आमच्या बेदाणा शेडच्या खांबाला त्यानं तापमान सांगणारी एक डबी बसवली होती. निरोप्यानं तिला तापमान विचारायचं. उत्तर आलं की चाचणी पास.

दिवाळीनंतर सासऱ्यांनी शेड उतरवलं आणि डबी घरी आणली. तिची बॅटरी आणि सिमकार्ड मीच काढलं. डबी खिडकीत पडून राहिली.

आता चाचणी नापास होणार, मग ती काढून टाकायची, असं मी ठरवलं होतं. पौषातल्या एका दुपारी ती चालवली.

पास झाली. उत्तर होतं, चोवीस अंश.

जुनं उत्तर कुठंतरी साठून राहिलं असेल, म्हणून सगळं पुसलं. पुन्हा चोवीस. नेटची वायर उपटून काढली. चोवीस.

मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, एवढं कळलं.

डबी उचलून तळहातात धरली. दुसऱ्या हातानं चाचणी पुन्हा पुन्हा चालवली. पडद्यावरचा आकडा चढत गेला आणि छत्तीसवर थांबला. डबी परत खिडकीत ठेवली, तसा तो उतरला.

सासरे, रायगोंडा, दारात उभे होते. "काय बगतीस गं?"

"अतिशयची डबी अजून तापमान सांगतीय, मामा."

"बॅटरी हाय का आत?"

"नाही."

"मग कशी सांगती?"

"माहीत नाही."

ते आत येऊन माझ्या खुर्चीवर बसले. पडदा त्यांच्या समोर, खिडकी पाठीशी होती.

"बंद करू नगंस," ते म्हणाले. "त्या पोराचं कायच चालू न्हाई ऱ्हायलं घरात."

निरोप्या आपोआप विचारत राहील, असं मी करून ठेवलं आणि भांडी घासायला आत गेले. घरात आम्ही दोघंच होतो. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला.

"किती आहे, मामा?" मी आतूनच विचारलं.

"चोवीस."

थोड्या वेळानं ते आपणहून म्हणाले, "अट्ठावीस."

मग, "बत्तीस झालं की."

मी नळ बंद केला.

"छत्तीस. आगं, हात काढ की त्यावरनं."

मी हातातलं पातेलं बादलीत तळाशी ठेवलं.

"आन् अशी मागं उभी का ऱ्हायलीस?" त्यांचा आवाज मऊ झाला होता. "बस की जरा."

मी मोरीतच होते. दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्यात.