झाकण मिटल्यावर

शुक्रवार, ९ ऑक्टोबर २००९. सकाळचे दहा वाजून अठरा मिनिटे. लिफ्टची क्षमता आठ माणसे. आत माणसे : एक.

ती एक म्हणजे नवव्या मजल्यावरच्या कचेरीत इमारतींचे नकाशे काढणारी, सव्वीस वर्षांची मुलगी. चौथा मजला मागे पडला, पाचवा यायचा होता, आणि त्या दोहोंच्या मधोमध लिफ्ट एक हिसका देऊन थांबली. दिवा गेला. पंख्याची पाती हळूहळू थांबली, आणि मग तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

तिने चाचपडत पिशवीतून फोन काढला. घडीचा फोन होता. ताईने नवा घेतला तेव्हा हा तिच्याकडे आला. झाकण उघडताच आकड्यांच्या बटणांखालून निळा उजेड पसरला, आणि त्या उजेडात दाराजवळच्या पट्टीवरचा क्रमांक वाचता आला.

"लिफ्ट दुरुस्ती," पलीकडून एक पुरुषी आवाज आला.

"मी... अडकलेय."

"कुठं?"

"लिफ्टमध्ये."

"ते आलं लक्षात. झाडावर अडकलेली माणसं आम्हाला फोन करत नाहीत. इमारत कोणती?"

तिने सांगितली.

"वीस-एक मिनिटं धरा. फोन ठेवू नका. कोणता आहे?"

"जुना... घडीचा."

"मग चिंता सोडा. त्याची बॅटरी आपल्या दोघांना पुरून उरेल. फक्त झाकण मिटू नका. झाकण मिटलं की मी गेलो."

"इथली हवा संपली तर?"

"लिफ्टला इतक्या फटी असतात की हवा काही संपत नाही. माझं बोलणंही संपत नाही, असं घरचे म्हणतात. श्वास मोजा. आत घेताना चार, सोडताना सहा. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून."

ती मोजत राहिली. तो बोलत राहिला. रस्त्यावरून, जिन्यावरून, धापा टाकत. तेविसाव्या मिनिटाला वरच्या फटीतून उजेडाची रेघ आली, रुंद झाली, आणि तिला त्याचे पहिले दर्शन झाले ते बुटांचे. उजव्या बुटाला पिवळी नाडी, डाव्याला काळी. मग ग्रीसने माखलेला एक हात खाली आला.

ती वर आली तेव्हा फोन अजून कानालाच होता. त्याच्याही.

"आता मिटा," तो म्हणाला. तिने झाकण मिटले. खट्.

"वा," तो म्हणाला. "दार असावं तर असं."

दुसऱ्या दिवसापासून ती जिन्याने ये-जा करू लागली. तिसऱ्या दिवशी फोन थरथरला. झाकणावरच्या चिमुकल्या खिडकीत क्रमांक उमटला, आणि तो कोणाचा हे तिला पाहताक्षणी कळले, याचे तिचे तिलाच नवल वाटले.

"आज लिफ्टनं आलात?"

"नाही."

"पायऱ्या किती?"

"एकशे अठ्ठ्याण्णव. मजल्याला बावीस."

"मोजल्यात?"

"आमचा धंदाच मोजण्याचा आहे."

"मग हेही मोजा. एका बाईनं लिफ्ट सोडली, तर मेकॅनिकची बदनामी किती टक्के?"

ती हसली, आणि हसू त्याला ऐकू जाण्याच्या आत झाकण मिटले. खट्.

पुढे हा परिपाठच झाला. तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करी. बोलणे हवेवरून, नकाशांवरून, त्याच्या बेमेळ नाड्यांवरून फिरत फिरत जरा जवळ येऊ लागले की ती घाईने "बरं, ठेवते" म्हणे. अलीकडच्या फोनवर बोट टेकवून बोलणे संपवता येते, आणि त्यात काही संपल्यासारखे वाटत नाही. त्या फोनची गोष्ट वेगळी होती. बिजागरी घट्ट, आवाज खणखणीत. मिटला की मुठीत मावायचा, आणि शेवट झाला हे हातालाही समजायचे. तिला तो एवढ्याचसाठी आवडत असे. तो तिला खटाकबाई म्हणू लागला.

डिसेंबरात तो तिला लिफ्टची यंत्रखोली दाखवायला घेऊन गेला. नवव्या मजल्यावरून आणखी बावीस पायऱ्या, मग लोखंडी दार.

"हा मेन," भिंतीवरच्या तांबड्या दांड्यावर हात ठेवून तो म्हणाला. "खाली ओढला की ब्रेक आवळला जातो आणि लिफ्ट आहे तिथं उभी राहते. मी हा बंद करतो, दांड्याला बोर्ड अडकवतो, मग लिफ्टच्या छपरावर बसून काम करतो."

"छपरावर?"

"मस्त गार असतं. फक्त लिफ्ट नवव्यावर आली की वर वीतभर जागा उरते. तिथं काही आपलं जमत नाही." त्याने पोट आत ओढून दाखवले.

ती हसली नाही. दांड्याला एक पत्र्याचा बोर्ड लटकत होता : काम चालू आहे. दांडा मात्र वर होता आणि लिफ्ट चालू होती.

"हा बोर्ड कधीचा?"

"गेल्या खेपेचा. काढायचा राहिला. असू दे, खोलीला तेवढीच शोभा."

तिने बोर्डाची कड बोटाने चाचपली. मग खिडकीकडे बघत, दुसऱ्या कोणाची हकिकत सांगावी तसे तिने सांगितले. तिचे वडील वायरमन होते. ती नऊ वर्षांची असताना ते एका दुपारी खांबावर चढले. खाली बोर्ड लावायचा राहिला होता. कोणीतरी येऊन मेन लावला.

"आई रोज सहा वाजता दारात उभी राहायची," ती म्हणाली. "पुढं कितीतरी वर्षं. कारण नसताना."

त्याने बोर्ड काढून खुंटीला टांगला. त्या दिवसापासून काम आटोपून तो छपरावरून उतरला की तिला फोन करू लागला. शब्द दोनच असत : "खाली आलो." तोवर तिच्या पेन्सिलीतून एकही रेघ सरळ येत नसे. आपण भीतीच्या दारात आईच्याच जागी उभे राहिलो आहोत, हे तिला कळत होते, आणि तिला तिथे मुळीच उभे राहायचे नव्हते.

जानेवारीत जिन्यावरून उतरताना फोन तिच्या हातून निसटला. सात पायऱ्या गेला. उचलून पाहिला तर झाकणाच्या कोपऱ्याला पोचा आलेला, बाकी सारे ठीक. उघडत होता, मिटत होता, खट्‌ही वाजत होते. एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली नाही. झाकण मिटल्यावर कॉल तोडणारा आतला बारीकसा खटका निकामी झाला होता. ती फोन मिटी, आणि तो चालूच राही.

ते त्याला कळले. पहिल्याच दिवशी, खट् झाल्यावर, तिचा आवाज लांबून आला. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ती म्हणत होती, "अगं, याच्याशी बोललं की पायऱ्या कमी होतात."

त्याने चटकन लाल बटण दाबले. कानाची पाळी तापली होती. तिला सांगायला हवे होते. पण सांगितले तर आपण ऐकले हेही सांगावे लागणार, आणि मग ती फोनच करायची नाही, ही त्याची भीती. लिफ्टच्या पोकळीत आठ मजले खाली बघताना न घाबरणारा माणूस एवढ्याला घाबरला. त्याने एक नेम केला : खट् ऐकू आले की आपणच तत्काळ कॉल तोडायचा. तो त्याने महिनाभर पाळला.

मंगळवार, ९ फेब्रुवारी २०१०. दुपारचे चार वाजून सहा मिनिटे.

"तुमच्याच लिफ्टवर, तिसऱ्यावर आहे," तो म्हणाला. "मेन बंद, बोर्ड लावलाय. छपरावरचा थांबवायचा स्विच बदलतोय. तासाभराचं काम."

"मग फोन कशाला केलात? उतरल्यावर करायचा."

"उतरल्यावर धीर होणार नाही म्हणून." लगेच पुढे त्याने विचारलेच, "आईला... तुमच्या घरी पाठवू का?"

तिची पेन्सिल जागीच थांबली. हो म्हणायला एक अक्षर लागते. ते अक्षर ओठांपर्यंत आले, आणि तिला सहा वाजताचे दार दिसले.

"मला नाही जमणार... रोज वाट बघणं," ती म्हणाली, आणि झाकण मिटले. खट्.

फोन तिने ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला ठेवला. एक रेघ मारली, खोडली. साहेब नेहमीप्रमाणे आपला कप घेऊन चारच्या चहाला निघाले होते; लिफ्टचे बटण दाबून "आज पण बंद का काय ही," असे पुटपुटत कॉरिडॉरमध्ये उभे होते. दारातून त्यांची पाठ दिसत होती.

मिटलेल्या फोनमधून आवाज येत होता.

काडेपेटीत माशी कोंडावी तसा. तिला आधी भास वाटला. तिने झाकण उघडले. पडद्यावर आकडे पळत होते : तीन मिनिटे चाळीस, एक्केचाळीस... आणि आतून तो ओरडत होता, पण तिच्याशी नव्हे.

"मेन कोणी लावला? अरे, मी वर आहे... मेन कोणी लावला?"

कॉरिडॉरमध्ये साहेबांच्या बटणाला तांबडा दिवा लागला. "आली एकदाची," ते म्हणाले.

नकाशे काढणारीचे डोके अशा वेळीही मोजते. मजल्याची उंची तीन मीटर वीस. तिसरा ते नववा, एकोणीस मीटर. या लिफ्टचा वेग सेकंदाला साठ सेंटिमीटर. बत्तीस सेकंद. वर उरते वीतभर.

ती धावली. साहेबांच्या हातातला कप तिच्या खांद्याला लागून फुटला. "अगं, काय..." हे शब्द मागे राहिले. बावीस पायऱ्या. चपला कुठे सुटल्या ते तिला आठवत नाही. लोखंडी दार उघडेच होते; आत मोठे चाक गरगरत होते, पोलादी दोर सरसरत होते, आणि तांबड्या दांड्याजवळ इमारतीचे केअरटेकर काका बोर्ड हातात घेऊन उभे होते.

"हा बघ, परत विसरून गेलाय," ते सांगू लागले. "मागं एकदा अकरा दिवस इथंच लटकत होता..."

तिने त्यांना बाजूला सारले आणि दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

चाक थांबले. दोर एकदा झणझणले आणि स्तब्ध झाले. त्यानंतरची शांतता तिला ओळखीची होती. पाचव्या मजल्याखालच्या त्या अंधारात तिने ती ऐकली होती. फोन डाव्या हातात उघडाच होता. तो कानाला लावण्याचे धाडस होईना. काका काहीतरी विचारत होते. शेवटी तिने तो लावला.

"हॅलो?"

नुसती खरखर.

"हॅलो... बोला ना. काहीही बोला."

"खटाकबाई," अगदी बारीक आवाज आला. "मेन तुम्ही ओढलात?"

ती तिथेच, ग्रीसच्या डागांवर बसली. "हो."

"वीतभर उरायची तिथं हातभर उरलीय. मी आडवा आहे. नाकासमोर तुळई आहे."

"श्वास मोजा," ती म्हणाली. "आत घेताना चार, सोडताना सहा. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून."

तो मोजू लागला. मग त्याने फोनवरून सांगितले तसे एका बाजूला काकांनी ब्रेक सोडून धरला, दुसऱ्या बाजूला तिच्या मागोमाग वर आलेल्या साहेबांनी चाक हाताने फिरवले, एकेक बोट, आणि लिफ्ट खाली उतरवली. छप्पर नवव्याच्या फरशीशी आले तेव्हा ती दारापाशी अनवाणी उभी होती. दार आतून सरकले. आधी पिवळी नाडी दिसली, मग काळी.

दोघांचेही फोन कानाला होते.

"बोर्डाची चूक माझी," तो म्हणाला. "एकदा काढला नाही, म्हणून आज कोणी मानला नाही."

"त्याला माफी नाही. पुन्हा कधी लटकता दिसला, तर तुमच्याच गळ्यात अडकवीन."

"आणखी एक आहे. तुमचा फोन महिन्यापासून मिटून तुटत नाही. खट् झालं की मी तोडत होतो. आज... ठरवून तोडला नाही. तुम्ही 'नाही जमणार' म्हणालात, आणि वाटलं, झाकण मिटल्यावर तरी काही वेगळं बोलाल."

"काय ऐकलंत?"

"रबरानं खोडल्याचा आवाज."

ती हसली. हसता हसता रडली, आणि या वेळी दोन्ही त्याला ऐकू गेले. साहेब फुटक्या कपाचा कान हातात घेऊन छताकडे बघू लागले.

"परत विचारू?" तो म्हणाला.

"विचार ना. आता मिटायला झाकणसुद्धा उरलं नाही."

"पाठवू आईला?"

"पाठव. पण रोज 'खाली आलो' म्हणायचं. म्हातारा झालास तरी."

त्याने बोर्ड पुन्हा लावून स्विच बदलला, तीनदा तपासला, बोर्ड स्वतः उतरवला आणि तिला मोजून दाखवला : एक. मग लिफ्टचे दार उघडून धरले. ती उंबऱ्याशी थबकली. त्या पोकळीची भीती गेली नव्हती, आजही पुरती गेलेली नाही. तिने त्याची बाही धरली, चार मोजत श्वास घेतला, आणि आत पाऊल टाकले.

सायंकाळचे सहा. लिफ्टची क्षमता आठ माणसे. आत माणसे : दोन.