मी आता जाऊ शकते का?

हॉलिस मीक्सने फोन उचलला तेव्हा पलीकडे एका बाईचा शांत आवाज होता. ती तुरुंगातून बोलत होती आणि तिला मुळीच घाई नव्हती.

"सरकारनं दिलेले वकील तुम्हीच ना? ऐका, मिस्टर मीक्स. माझ्या ड्रॉवरमध्ये पिस्तूल सापडलंय. त्याच पिस्तुलानं वेमन स्ट्रिंगरला मारलं म्हणतात. ते पिस्तूल माझं नाही. यापलीकडे मी कुणाशी एक अक्षर बोललेली नाही. बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर."

"मला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे का, ते बघत होते."

हॉलिसकडे अशिलांपेक्षा पुस्तकं जास्त होती. न्यायालयात उभा राहिला की त्याचा आवाज खाली जाई, मग जज त्याला पुन्हा बोलायला सांगत आणि तो आणखी हळू बोले. आपल्याऐवजी दुसरा कोणी मिळाला असता तर त्या बाईचं भलं झालं असतं, असं त्याला फोन ठेवताना मनापासून वाटलं. तरी तो टोपी घालून निघाला.

तुरुंगाच्या दारात त्याने आपलं पिस्तूल काउंटरवर ठेवलं. या काउंटीत पाद्रीसुद्धा पिस्तूल बाळगी, तिथे हॉलिसचं काय. पहारेकऱ्याने मॅगझिन काढलं, वरचा भाग खटकन मागे ओढला, चेंबरमधली, नळीत चढवलेली गोळी टपकन टेबलावर पडली. ते सगळं त्याने एका पारदर्शक पिशवीत घालून बाजूला ठेवलं.

त्या बाईने, ऑर्थेल्या पिकन्सने, तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नवरा गेल्यावर पाइनच्या रानातल्या घरात ती एकटी राहत होती आणि परवाना काढून पिस्तूल बाळगत होती. स्ट्रिंगर गाड्या ओढून नेणाऱ्या क्रेनचा मालक होता. वसंतात त्याने तिची गाडी उचलून नेली, तेव्हा भर खानावळीत, मक्याच्या लापशीच्या ताटावरून उठून तिने त्याला सुनावलं होतं. ते साऱ्या गावाने ऐकलं होतं.

बुधवारी रात्री कोणीतरी स्ट्रिंगरला त्याच्या आवारात गोळी घातली. गुरुवारी दुपारी जेवणानंतर कामगारांना प्रेत दिसलं. शुक्रवारी नाव न सांगता कोणीतरी फोन केला आणि ऑर्थेल्याच्या घराची झडती झाली.

"ड्रॉवरमधलं पिस्तूल पिशवीत होतं. ती पिशवी कुठून आली?" हॉलिसने विचारलं.

"शेरीफच्या डेप्युटीनं, बोलिंजरनं दिली. गुरुवारी सकाळी मला रस्त्यात अडवलं, माझं पिस्तूल तपासायला नेलं, पिशवीत घालून परत दिलं. मी ती तशीच ड्रॉवरमध्ये टाकली. त्याचा हात लागलेली वस्तू त्या दिवशी मला बघवत नव्हती."

बोलिंजरचं म्हणणं होतं की जे घेतलं तेच परत दिलं. पिशवीतलं पिस्तूल मात्र कधीचं चोरीला गेलेलं निघालं. दुकानदाराने ऑर्थेल्याला विकलेल्या पिस्तुलाचा क्रमांक वेगळा होता. मॉडेल तेच, शेरीफच्या खात्याने जुनी पिस्तुलं विकून टाकली तेव्हापासून ती घरोघरी होती. सरकारी वकिलाच्या मते बाईकडे दोन पिस्तुलं होती आणि दुकानातून घेतलेलं तिने कुठेतरी दडवलं होतं.

"बोलिंजरनं अडवलं त्याचं चित्रण आहे म्हणे."

"आहे. गाडीच्या काचेमागे चित्रण करणारा फोन ठेवायला मुलीनं लावलंय मला. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना एवढंच दिसलं, की म्हातारी उर्मट आहे."

जाताना हॉलिसने आपली पिशवी परत घेतली.

ऑफिसात त्याने चित्रण लावलं. फोनचं तोंड पुढे होतं, म्हणून काचेतून गाडीचं बॉनेट आणि रस्ता तेवढा दिसत होता. माणसांचे नुसते आवाज येत होते.

बोलिंजरने सांगितलं, मागचा दिवा लागत नाही. मग विचारलं, "हत्यार आहे का गं?"

"मिसेस पिकन्स म्हणायचं. आहे. उजव्या कमरेला. परवाना पर्समध्ये. माझे दोन्ही हात चाकावर आहेत."

त्याने तिला उतरवलं, पिस्तूल काढून घेतलं आणि तो बॉनेटपाशी आला. मॅगझिन काढून ठेवलं, वरचा भाग मागे ओढून अडकवला. नजर रस्त्यावर होती. मग पिस्तूल आणि मॅगझिन घेऊन तो मागे, आपल्या गाडीकडे गेला.

परत आल्यावर त्याने बॉनेटवर एक पिशवी ठेवली. आत पिस्तूल, मॅगझिन आणि एक सुटी गोळी होती. मी निघून जाईपर्यंत भरायचं नाही, असं त्याने बजावलं.

"काल रात्री कुठे होतात?"

"हत्याराचं विचारलंत, कायदा सांगतो म्हणून खरं उत्तर दिलं. याचं उत्तर द्यायला मी बांधील नाही. मी आता जाऊ शकते का?"

"मी विचारलं, काल रात्री कुठे होतात? घरी होतात का? सोबत कोण होतं?"

"मी आता जाऊ शकते का?"

तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे तो हो म्हणाला.

सरकारी वकिलाला हाच भाग फार आवडला होता. निष्पाप बाईला आपण रात्री कुठे होतो हे सांगायला काय झालं होतं? त्याने देऊ केलं की गुन्हा कबूल करा, पंधरा वर्षांवर सुटाल. सोमवारची सुनावणी सुरू होईपर्यंतच ही सवलत होती. नाहीतर जन्मठेप. ऑर्थेल्याला त्रेसष्ट पुरी झाली होती; तिच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता.

हॉलिसला निराळीच शंका खात होती. तिच्या क्विंटन नावाच्या भाच्याचाही स्ट्रिंगरशी तंटा होता आणि घराची किल्ली त्याच्याकडे असे. रविवारी तो पुन्हा तुरुंगात गेला आणि अडखळत म्हणाला, "मिस ऑर्थेल्या, तुम्ही कुणाला पाठीशी घालत असाल तर..."

"क्विंटनला? तो मुंगी चिरडली तर तिची माफी मागतो. बाळा, तुम्हीसुद्धा तेच म्हणायला लागलात. गप्प बसलेला माणूस चोरच असतो का?"

हॉलिसचे कान लाल झाले. त्याने भलताच प्रश्न विचारला. पिस्तूल कसं बाळगता?

"मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं. लोक हसतात. तीस वर्षं माझ्या पाठीमागे पोरं बसली. माझ्या हातून चुकून काही सुटणार नाही, ही सवय हाडात गेलीय."

बाहेर पहारेकऱ्याने त्याच्यासमोर त्याची पिशवी सरकवली. पिस्तूल, मॅगझिन, सुटी गोळी. हॉलिस तिच्याकडे बघतच राहिला. मागचा माणूस वैतागून म्हणाला, "अहो, पिशवीच आहे ती. उचला की."

सोमवारी जजबाईंनी विचारलं, सवलत घेणार का? ऑर्थेल्या उठली आणि नाही म्हणाली. सरकारी वकिलाने खांदे उडवून बोलिंजरला साक्षीला बोलावलं. मग हॉलिसची पाळी आली.

"जरा मोठ्यानं, मिस्टर मीक्स," जज म्हणाल्या.

"डेप्युटी, पिशवीत एक सुटी गोळी होती. ती कुठून आली?"

"चेंबरमधून. नेहमी तिथूनच येते." मागच्या बाकांवर कोणी हसलं.

"मॅगझिनमधली एखादी काढली असेल तुम्ही?"

"मी मॅगझिनमधल्या गोळ्यांना हात लावत नाही."

"नक्की?"

"शपथेवर बोलतोय मी, वकीलसाहेब."

हॉलिसने चित्रण लावलं. बॉनेटवर मॅगझिन आलं, वरचा भाग मागे गेला, तिथेच अडकला. त्याने चित्र थांबवलं.

"काय पडलं?"

हॉलिसने तेवढाच तुकडा पुन्हा दाखवला, मग आणखी एकदा.

"काहीच पडलं नाही," जजच म्हणाल्या.

"चेंबर रिकामं होतं," हॉलिस म्हणाला, आणि त्याला स्वतःचा आवाज खोलीच्या टोकापर्यंत ऐकू आला. "मिसेस पिकन्सचं नेहमीच असतं. या काउंटीत तशी दुसरी व्यक्ती शोधून सापडणार नाही. आपण सगळे एक गोळी चढवून हिंडतो. डेप्युटीसुद्धा. म्हणून स्ट्रिंगरला मारलेलं पिस्तूल त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं रिकामं केलं, नेहमीची पिशवी भरली आणि गाडीत तयार ठेवली. बॉनेटवर काही पडलं नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांची नजर रस्त्यावर होती. या बाईकडे त्याच मॉडेलचं पिस्तूल आहे आणि तिचं स्ट्रिंगरशी भांडण झालंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागे गाडीपाशी जाऊन नुसती अदलाबदल करायची होती."

सरकारी वकील उठला. बाई आदल्या रात्री कुठे होती, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, असं तो म्हणाला.

"तेच विचारायचंय मला. डेप्युटी, दिवा लागत नाही म्हणून अडवलेल्या बाईला तुम्ही आदल्या रात्रीचं का विचारलंत?"

"सहज. चौकशी."

"त्या सकाळी स्ट्रिंगर मेलाय हे कुणाला माहीत होतं?"

बोलिंजरने सरकारी वकिलाकडे पाहिलं. सरकारी वकील कागद चाळत होता.

"प्रेत दुपारी सापडलं. सकाळी रात्रीची चौकशी करण्यासारखं काही घडलंय, हे फक्त मारणाऱ्याला ठाऊक होतं. ती घरी एकटी होती का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. तिनं गोड बोलून उत्तर दिलं असतं तर तो प्रश्न गप्पांमध्ये विरून गेला असता. तिनं दिलं नाही, म्हणून त्याला पुन्हा विचारावा लागला. म्हणून तो तुम्हा सगळ्यांच्या लक्षात राहिला."

जजनी विचारलं, कारण काय? हॉलिसने सांगितलं. बोलिंजर गाड्या अडवी, स्ट्रिंगर त्या उचली, कमाईत दोघांचा वाटा. अलीकडे स्ट्रिंगर घाबरला होता. सगळं सांगून टाकायला तो मागच्याच आठवड्यात हॉलिसच्या शेजारच्या वकिलाकडे येऊन गेला होता, आणि रविवारी रात्री हॉलिसने विचारल्यावर त्या वकिलाने तसं प्रतिज्ञापत्र दिलं होतं.

जजनी बोलिंजरला जागचं हलू दिलं नाही. राज्य पोलिसांना पाठवून त्याच्या घराची झडती घेतली. ऑर्थेल्याचं पिस्तूल मासे धरायच्या पेटीत, गळांच्या खाली सापडलं. नदी अंगणाला लागून होती. पण चालतं पिस्तूल पाण्यात फेकणारा माणूस त्या भागात जन्माला यायचा होता.

ऑर्थेल्याने ते लांबूनच ओळखलं. तिची नजर अधू झाल्यापासून नेम धरायच्या टोकावर ती नखांचा लाल रंग लावी. बोलिंजरने तो खरवडला होता, पण खाचेत ठिपका उरला होता. क्रमांकही जुळला.

बोलिंजरला बेड्या घालून नेलं. जाताना तो तिच्याकडे वळला.

"एवढं विचारलं होतं, तर सांगायचं होतंस. कुठे होतीस त्या रात्री?"

"मिसेस पिकन्स," ती म्हणाली. "आणि त्याचं उत्तर द्यायला मी आजही बांधील नाही."

हॉलिसला मात्र राहवलं नाही. त्याने हळूच विचारलं.

"घरीच की. गरम पाण्यात पाय बुडवून केकची स्पर्धा बघत होते."

"एवढंच? मग..."

"एवढंच असो नाहीतर काही असो, माझं होतं ते."

जजनी चष्मा काढला. खटला रद्द झाल्याचं सांगून त्या म्हणाल्या, "मिसेस पिकन्स, तुम्ही आता जाऊ शकता."

ऑर्थेल्याने पर्स उचलून काखेत धरली.

"हेच मी त्याला त्या सकाळी तीनदा विचारलं होतं, जजबाई," ती म्हणाली, आणि कोणाची वाट न बघता मधल्या वाटेने चालू लागली.