मॉरिसची डावी बाजू

तनिषाचं बारसं झालं ते साल २००४. लंडनजवळ हाउन्सलोच्या घरात घुगऱ्या वाटून झाल्या, बायका अजून पाळण्याभोवती होत्या, आणि त्याच दुपारी जावई अनुपने मागच्या गल्लीत एक भंगार आणून उतरवलं. मॉरिस कंपनीचा छोटा पिकअप, साल छप्पन्न. कार्डिफच्या वरच्या अंगाला एका बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या छपराखाली तो कित्येक वर्षं उभा होता.

दीनानाथांनी खिडकीतून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. त्यांनी सगळा जन्म लंडनच्या लाल बसवर कंडक्टरी केली होती. चाकांनी माणसं वाहावीत नाहीतर माल, तिसरं काम म्हणजे निव्वळ माज, असं त्यांचं मत होतं.

"जावईबापू, लेकीच्या बारशाला लोक पाळणा आणतात," ते खाली येऊन म्हणाले. "तुम्ही हे काय आणलंत?"

"बाबा, याचा हॉट रॉड करणार. जुन्या ड्रॅग रेसच्या स्टाइलचा. नाक वर, मागे रुंद टायर."

"नाक वर. म्हणजे मालकासारखाच."

अनुप हसला. तो पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीवर आलेला. त्याला टोमणा लागत नसे, आणि सासऱ्याच्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष होता.

"बाबा, त्याला त्याची छंद करू दे ना," त्यांची मुलगी देवयानी म्हणाली. ती इथेच जन्मलेली, मराठी अशीच बोलायची.

पिकअपचं डावं दार, ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या बाजूचं, बाहेरून तारेने बांधलेलं होतं. अनुपने पकडीने तार तोडली. आतून ओल्या मातीचा आणि रॉकेलचा वास आला. रोपवाटिकेचीच गाडी, तो यायचाच.

वर्षभर गॅरेजमध्ये ठोकाठोक चालली. रोव्हरचं आठ सिलिंडरचं इंजिन आत बसलं. खाली सरळ ॲक्सल घालून पुढचा भाग वर उचलला गेला. दीनानाथ चहाचा कप घेऊन जात, कामाकडे बघत, अपमान करून परत येत. डोक्यावरून विमानं उतरत. "एवढं नाक उचलल्यावर पुढचं दिसणार कसं? का त्याची गरजच नाही?"

ड्रॅगचा खेळ सोपा. सरळ पाव मैल पळायचं, आधी पोचेल तो जिंकला. गाडी जितकी हलकी तितकी ती झटकन सुटते. एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर मे महिन्यात शर्यत होती, म्हणून अनुप वजन उतरवायला लागला. फेल्टमच्या एका भंगारवाल्याकडे गाड्या तोलायचा काटा होता. पहिल्यांदा आकडा आला नऊशे साठ किलो.

अनुपने मागचा बंपर काढला. मागच्या हौद्याच्या लाकडी फळ्या काढल्या. काचा काढून प्लॅस्टिक बसवलं.

नऊशे साठ.

"काटा बिघडलाय," अनुप म्हणाला. भंगारवाला स्वतः काट्यावर चढला, मग त्याचा कुत्राही चढला. काटा बरोबर होता.

मग अनुपने डावं सीट काढलं. ते एकट्याने उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली. काट्यावर आकडा तोच.

"तुमच्या कंपनीत असाच हिशेब करता का?" दीनानाथांनी विचारलं. त्या दिवशी ते मुद्दाम मजा बघायला गेले होते. परत आल्यावर मात्र ते गॅरेजमध्ये रेंगाळले. पिकअप डाव्या अंगाला कलला होता. डावीकडे सीट नव्हतं, नुसता उघडा पत्रा होता, तरी त्याच बाजूची स्प्रिंग दबलेली होती. ते बघत असताना ती किंचित हलली. बसलेल्या माणसाने मांडी बदलावी तशी.

एप्रिलमधल्या एका रविवारी जेवताना अनुप म्हणाला, "आता एकच उरलंय. केबिनखालची आडवी पट्टी कापतो."

"ती चासीची पट्टी आहे. कापलीत तर गाडी मधून दुमडेल."

"कॅल्क्युलेशन केलंय, बाबा."

"लेक वर्षाची आहे तुमची."

"बाबा, काही होत नाही हो."

जेवण झाल्यावर तो कटरचं पातं आणायला दुकानात गेला. दीनानाथ मागच्या दाराने गॅरेजमध्ये शिरले. त्यांना भीती वाटत नव्हती, चीड आली होती. जावई मूर्ख होता, पण विधवा झाली असती ती त्यांची मुलगी. आणि आत जो कोण होता तो त्यांच्या मते फुकट्या होता. असे फुकटे त्यांनी आयुष्यभर उतरवले होते.

त्यांनी डावं दार उघडलं. वास आला. पत्रा रिकामा.

"उतरा, महाराज," ते म्हणाले. "शेवटचा स्टॉप. बस पुढे जात नाही."

काही झालं नाही.

मग त्यांनी थट्टेने हात पुढे केला. म्हाताऱ्या माणसांना पायरी उतरवताना ते असाच हात देत.

हातावर भार आला.

थकलेलं माणूस अंग टाकतं तसा, सावकाश, सगळा. दीनानाथांचा खांदा खाली गेला. स्प्रिंग कुरकुरली आणि पिकअप सरळ झाला.

त्यांनी हात झटकला. भार गेला नाही.

सोमवारी काट्यावर आकडा आठशेच्या खाली आला. अनुपने पट्टी कापली नाही. मे महिन्यात पिकअप नाक वर करून पाव मैल तीरासारखा पळाला.

डॉक्टरकडच्या नर्सने दीनानाथांना वजनाच्या काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, दुसरा काटा आणला. "मागून कुणी धरलंय का?" तिने हसत विचारलं, आणि मागे पाहून ती हसायची थांबली. घरी त्यांचे कपडे ढगळ होत चालले होते. गादी मात्र दोन जागी दबायची.

"बाबा, बसा, सोडतो स्टेशनला," अनुप म्हणायचा.

"तुमच्या त्या डबड्यात मी मेलो तरी बसणार नाही."

देवयानीला वाटे, जुनाच तिरस्कार. तिरस्कार तर होताच. पण ते त्या गाडीपासून हात लांब ठेवून चालत, पावसातसुद्धा, आणि उजव्या हाताने डावा खांदा सावरून धरत.

पावसात भिजूनच न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी खालून इंजिनाचा आवाज आला. घरची दुसरी गाडी बंद पडली म्हणून अनुप देवयानीला न्यायला मॉरिस घेऊन आला होता.

"ती गाडी," दीनानाथ म्हणाले, "इथून काढायला सांग."

"बाबा, आता तरी सोडा ना तो राग."

"राग नाही. त्याला सांग..."

पुढचं त्यांच्याने बोलवलं नाही. देवयानी उजवीकडे उभी राहून त्यांचा हात चोळत होती. खाटेच्या डावीकडची खुर्ची सकाळपासून रिकामी होती. तिची रेक्झिनची गादी, कुणी उठल्यावर येते तशी, हळूहळू वर आली.

खाली अनुपने हॉर्न दिला.

मार्चमध्ये त्याने मॉरिस पुन्हा तोलला. आकडा जुनाच, नऊशे साठ. तेव्हा त्याने ती पट्टी कापली.

दीनानाथ १८ नोव्हेंबर २००५ ला वारले. अनुप पुढच्या मे महिन्यात, धावपट्टीवर.