स्टेपनी तेवढी नाही

त्याचे पणजोबा गाड्यांची लाकडी चाके घडवत. आजोबांनी त्या चाकांवर लोखंडी धावा चढवल्या. वडिलांनी नाक्यावर पंक्चरचे दुकान थाटले आणि अखेरपर्यंत चालवले. चाक निखळलेला माणूस या घराच्या दारातून कधी विन्मुख गेला नाही, असे त्याची आत्या ताठ मानेने सांगत असे. अशा घरात चौथ्या पिढीला हा धाकटा निपजला, आणि त्याने चाक चोरले.

खाणावळीपाशी उभ्या असलेल्या एका ट्रकची स्टेपनी, म्हणजे जादा चाक, त्याने खोलून नेली आणि विकून टाकली. पुढे तोच ट्रक भर दुपारी पंक्चर झाला. त्याचा ड्रायव्हर मदतीची वाट पाहत रस्त्याकडेला उभा राहिला आणि मागून आलेल्या गाडीने त्याला उडवले. धाकट्याला शिक्षा झाली ती चोरीची. मेलेल्या माणसाविषयी निकालात अक्षरही नव्हते. तुरुंगात भेटायला गेलेली आत्या गजांपलीकडून म्हणाली, "सरकारचं देणं इथे फिटेल. त्या माणसाचं कुठे फेडशील?"

सुटल्यावर त्याने ट्रक चालवण्याचा परवाना काढला आणि मालवाहतूकवाल्यांचे उंबरे झिजवले.

"अनुभव?"

"थोडा आहे."

"आणि ही मधली वर्षं?"

"तुरुंगात होतो."

"तिथे ट्रक देतात का चालवायला?" मग आतले सगळे हसत आणि त्याला दार दाखवले जाई.

शेवटी एका सिमेंटच्या वखारीतल्या मुकादमाने त्याला कामावर घेतले. माणूस तोंडाचा फटकळ, पण हिशेबाला सरळ. गाडी ताब्यात देताना जॅक, पाना आणि स्टेपनी यांवर एकेकदा ड्रायव्हरचा हात ठेवून घ्यायचा, ही त्याची जुनी पद्धत. धाकट्याने स्टेपनीवर हात सर्वांत शेवटी ठेवला.

"यातलं काही कमी झालं तर मी तुला विचारत बसणार नाही," मुकादम म्हणाला. "थेट पोलिसांना बोलावीन. तुझं ऐकून कोण घेणार आहे?"

पहिलीच खेप. माल उतरवून रिकामी गाडी घेऊन तो परत निघाला तेव्हा ऊन डोक्यावर होते. दोन्ही अंगांना उजाड माळ, झाडाचे नाव नाही. पुढे रस्त्याकडेला पिवळ्या कॅबिनचा एक जुना ट्रक जॅकवर उभा होता. मागचे एक चाक काढलेले. ड्रायव्हर फडक्याला हात पुसत होता. त्याने हात केला नाही, हाकही मारली नाही. धाकट्याला गाडी ओळखीची वाटली; पण एकसारखे ट्रक पुष्कळ असतात. माणूस मात्र कधी पाहिलेला नव्हता. चोर गाडी न्याहाळतो, ड्रायव्हरकडे त्याचे लक्ष नसते.

त्याला मुकादमाचे शब्द आठवले. तो थांबला नाही.

बऱ्याच अंतरावर, एका वळणापलीकडे, तोच ट्रक पुन्हा उभा होता. तेच फडके, तेच हात. आपण रस्ता चुकून फेरा घातला असावा, असे मनाशी म्हणत त्याने मैलाचे दगड नीट पाहिले. आकडे घरच्याच दिशेने उतरत होते. आरशात पाहिले तर मागे नुसता माळ होता.

मग तो ट्रक पुन्हा आला. या वेळी ड्रायव्हर डांबराच्या कडेपर्यंत सरकला होता.

धाकट्याने गाडी बाजूला घेतली.

"बराच वेळ उभे आहात का?"

"झाला बराच."

"जॅक आहे?"

"जॅक आहे. पाना आहे. स्टेपनी तेवढी नाही." त्याने फडके खांद्यावर टाकले. "कुठे गेली, ते विचारत नाहीस?"

धाकट्याने आपल्या गाडीच्या स्टेपनीकडे पाहिले.

स्टेपनी गेली की नोकरी गेली. पोलिसांपुढे पुन्हा तीच चोरी, आणि आत्याची मान या वेळी कायमची खाली. हे सारे त्याला स्वच्छ दिसत होते. त्याने पाना उचलला आणि आपली स्टेपनी सोडवली.

चाक बसवताना त्याचा हात आतल्या लोखंडी हबला लागला. भर उन्हात ते लोखंड बर्फासारखे गार होते.

"नट घट्ट आवळ," मागून आवाज आला. "आता मला घाई आहे."

त्याने आवळले. मागे वळून पाहिले नाही. आपल्या गाडीत चढला आणि निघाला.

वखारीशी त्याने गाडी फाटकाबाहेरच लावली. बाकीच्या गाड्या अजून कामावर होत्या. झाडलेल्या आवारावर सिमेंटची धूळ पुन्हा पिठासारखी बसली होती, आणि मध्यभागी खुर्ची टाकून मुकादम बसला होता.

"स्टेपनी नाही," धाकटा म्हणाला. "मी एकाला दिली."

"ठाऊक आहे. तो येऊन सांगून गेला. म्हणाला, पोराला बोल लावू नका, त्याचं माझं सगळं फिटलं, बाकी काही उरलं नाही. भला माणूस दिसला. उद्या वेळेवर ये."

"गाडी घेऊन आला होता?"

"मग काय, चालत येईल? इथपर्यंत आत आणली होती की."

धाकट्याने खाली पाहिले. फाटकापासून मुकादमाच्या खुर्चीपर्यंत धुळीत एकाच चाकाची रेघ आली होती. तिच्या शेजारी दुसरी नव्हती. परत गेल्याचीही नव्हती.