पुढची तार कोणी धरली होती?

हसायचं तर हसा, पण यातला एक शब्दही मी बनवलेला नाही. पाहिजे तर भार्गवीला विचारा… ती तर त्या दिवसापासून तलावाकडे फिरकलीच नाहीये.

डिसेंबर ९६. मागचा गुरुवार. आमच्या उज्जैनला, नानाखेड्याच्याही पुढे, शेतांच्या पलीकडे एक तलाव आहे, तिथे. सूर्य बुडायला आला होता.

मी ऋचा. अकरावी. एनसीसीच्या नेव्हल विंगची कॅडेट. उज्जैनला समुद्र नाही तर काय झालं! आमच्याकडे शिडाची बोट आहे, आणि मुलींमध्ये ती सगळ्यात फास्ट मीच चालवते. भोपाळच्या रेसची ट्रायल दुसऱ्या दिवशी सकाळी होती. माझं सिलेक्शन एकदम पक्कं.

फक्त बोटीवर डोलकाठी नव्हती.

बोट रिपेअरला गेली होती. रस्त्यात विजेच्या तारा इतक्या खाली लोंबतात, की डोलकाठी काढूनच न्यावी लागते. ती आता पुन्हा उभी करायची होती. अंधार पडायच्या आत. नाहीतर ट्रायल गेली.

आमचे एनसीसीचे श्रीकांत सर चौकीदाराकडे टॉर्च आणायला गेले. जाताना बजावलं, "मैं आऊँ तब तक हाथ मत लगाना!"

सर वळल्याबरोबर आम्ही तिघा कॅडेटनी हात लावला.

तसं काम सोपं असतं. डोलकाठीला बांधलेल्या तीन तारांपैकी बाजूच्या दोन आधी बोटीला अडकवायच्या. एकाने मागून डोलकाठी उचलत आणायची. एकाने वाकून तिचा बुंधा बोटीतल्या खाचेत बसवायचा. आणि एकाने बोटीच्या पुढे जमिनीवर उभं राहून पुढची तार खेचायची. ती बोटीच्या नाकावर अडकवेपर्यंत सोडायची नाही.

सुटली… तर डोलकाठी मागच्याच्या डोक्यात.

चिन्मय मागे. मी बुंध्याशी. माझी बोटीतली पार्टनर भार्गवी पुढे.

"चिन्या, जोर लाव! नुसती पेप्सी पिऊन काय होणार तुझं?"

"तू तुझी खाच बघ, कप्तानसाहेब!"

डोलकाठी वर येऊ लागली. मी वाकलेली, नजर खाचेवर.

मध्येच ती अडली. चिन्मयचा कण्हल्यासारखा आवाज आला…

"खेच ना गं!" मी ओरडले.

आणि पुढून जोरात खेच बसली.

खट्… बुंधा खाचेत!

"वा, भार्गवी! काय खेचलंस यार!"

"मी कुठे खेचलं?"

आवाज चिन्मयच्या बाजूने आला.

"मी तर इथे आहे. याला झेपत नव्हतं, म्हणून तार टाकून पळत आले… ऋचा, तार कोणी धरलीये?"

वारा नव्हता. तलावावर एक बगळासुद्धा नव्हता. कसला आवाजच नव्हता.

मी हळूच मान वळवली…

पुढची तार ताणलेली होती. तिचं टोक छातीच्या उंचीवर, हवेत. आणि त्या टोकावरून पाणी ठिबकत होतं.

टप्… टप्…

खालची माती कोरडी ठक्क होती.

"ऋचा…" चिन्मय कुजबुजला. "तार सुटली ना, तर डोलकाठी सरळ आमच्यावर येईल."

म्हणजे ती तार कोणीतरी घ्यायला हवी होती.

त्या… हातातून.

मी गेले. तार धरली. आधी सुटेचना. भरलेली घागर दुसऱ्याकडे देताना आपण बघतो ना, समोरच्याने नीट धरलीये की नाही? आणि मगच सोडतो. अगदी तसं… त्या हाताचं एकेक बोट सुटत गेलं. मला कळलं ते. बर्फासारखं गार.

मी तार बोटीच्या नाकावर अडकवून पिन ठोकली आणि धपकन खाली बसले.

तेवढ्यात सर आले. असे चिडले होते! "मना किया था ना? और वो तीसरी लड़की कौन थी आगे? पूरी भीगी हुई! निमोनिया होगा उसको!"



ट्रायल मी जिंकले, दुसरी पार्टनर घेऊन. आईला सगळं सांगितलं. तिने महाकालचा धागा माझ्या मनगटावर बांधला.

आज बोट ट्रकवर चढवायची, म्हणून डोलकाठी पुन्हा उतरवली. भर दुपारी. सर होते, सगळे कॅडेट होते. पुढची तार मी स्वतःहून हातात घेतली. घाबरट म्हणवून घ्यायचं नव्हतं मला.

हळूहळू सोडत गेले. सोपं गेलं… फारच सोपं. माझ्या हातावर वजन आलंच नाही.

डोलकाठी खाली टेकली. आता तार सैल पडायला हवी होती…

"ऋचा, अब छोड़ भी दे!" सर ओरडले.

मी तर केव्हाच सोडली होती.

उद्या सकाळी बोट भोपाळला निघतेय. तिच्याबरोबर मीपण.