तिसऱ्या तारेचं ‘आलीस?’

“मॅडम, ये सिलाई मशीन नहीं है!”

उल्हासनगरच्या त्या शिलाई मशीनच्या दुकानात शेठने कपाळावर हात मारला. माया मात्र हटायला तयार नव्हती. बदलापूरहून एवढं अवजड धूड रिक्षात घालून आणलं होतं, ते काय नुसतं नकार ऐकायला?

“पेडल तो है ना? वही अटक गया है. आप पेडल ठीक करो, बाकी मैं देख लूँगी.”

तेवढ्यात मशीनच्या स्प्रिंगा घ्यायला आलेला एक तरुण पुढे झाला, त्या चार पायांच्या वस्तूखाली वाकला, आणि वाकला तो वर यायचं नावच घेईना.

“अहो,” माया म्हणाली, “काही हरवलंय का खाली?”

“नाही... सापडलंय.” खालूनच आवाज आला. मग केसांत जळमट घेऊन तो वर आला. डोळे असे चमकत होते, जणू कुणी त्याला जत्रेत नेलं होतं. “पेडल स्टील गिटार! आणि एवढी जुनी! तुम्हाला माहितीये ही काय आहे?”

“माझ्याच घरातली आहे. मला माहीत नसेल?”

“मग शिलाई मशीनवाल्याकडे...?”

“मग कुठे नेऊ, लोहाराकडे? आहे का कुणी ही दुरुस्त करणारा? सांगा ना.”

“आहे ना,” तो म्हणाला आणि लाजला. “मी.”

त्याचं नाव सुयोग. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला. पगार झाला की लोक कपडे घेतात, मोबाइल घेतात. हा पठ्ठ्या जुन्या पेडल स्टील गिटारी शोधत फिरायचा. आडवी, टेबलासारखी गिटार ही. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तार छेडायची, आणि पायाखालचं पेडल दाबलं की तार आतून ताणली जाऊन सूर वर चढायचा. एखादं माणूस हुंदका आवरत बोलतं ना, तसा.

सुयोगने गिटारखालच्या लोखंडी दांड्यांना हात लावला. “हे गुडघ्याने ढकलायचे. ज्याच्या त्याच्या मापाने बसवतात. हिचा मालक तुमच्याएवढाच उंच असणार. आणि डावा पाय जरा बाहेर टाकून बसणारा. बरोबर?”

माया त्या दांड्यांवरून हात फिरवत म्हणाली, “कंपनीत पडले होते बाबा. डावा गुडघा दुखायचा त्यांचा.”

तिचे बाबा, बबन, दिवसा केमिकल कंपनीत राबायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. लग्नं, हळदी, जयंतीचे कार्यक्रम, काही सोडायचे नाहीत. बोटीवर वाजवणाऱ्या एका दोस्ताने जाता जाता ही गिटार त्यांच्या गळ्यात मारली होती. तेव्हाच्या अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या खोलीत आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात ही! आई असेपर्यंत तिच्यावर पापड वाळत घालायची. पुढे आई गेली, बदलापूरचा फ्लॅट झाला, आणि गेल्या वर्षी बाबाही गेले. उरल्या माया आणि ही गिटार.

दुरुस्तीला गिटार अंबरनाथच्या मोरिवलीत, कंपन्यांच्या मधोमध असलेल्या सुयोगच्या भाड्याच्या शेडमध्ये गेली. गंजलेल्या सळया बदलल्या, झिजलेले नट बदलले, लाकूड पॉलिश झालं. सुयोग स्वतः ती टेम्पोत घालून बदलापूरला पोचवून गेला. मायाने दार लावलं, तिसरी तार छेडली, पेडल दाबलं... आणि पुन्हा एकदा दाबून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सुयोगला फोन. “काय करून ठेवलंत तुम्ही हे?”

“का? काय झालं? पेडल अडकतंय?”

“नाही अडकत. छान चालतंय. पण तो सूर... तो माझ्या बाबांचा नाहीये.”

आता झालं होतं असं. पेडल दाबल्यावर सूर किती चढावा, हे गिटारीच्या टोकाला एका छोट्या नटावर ठरतं. सुयोगने सूर मोजायचं मशीन लावलं, हिरवा दिवा लागेपर्यंत नट पिळला आणि खूश झाला. बबनरावांनी मात्र तो नट कानाने लावला होता, दिव्यापेक्षा केसभर खाली. जुना नट तर केव्हाच भंगारात गेला होता. दुरुस्तीच्या नादात सुयोगने नेमकं तेच पुसून टाकलं होतं, जे पुन्हा कुठल्या दुकानात मिळणार नव्हतं.

“मी दारात आले की बाबा तो एकच सूर वाजवायचे,” फोनवर माया रडतच होती. “आलीस? असं विचारल्यासारखा. मी दारातूनच ‘आले’ म्हणायचे. ते गेल्यावर मीच वाजवायचे हो... कामावरून आल्यावर. वेडेपणा आहे, माहितीये मला. पण घरात दुसरं कोण विचारणार आहे?”

सुयोग म्हणाला, “चूक माझी आहे. सूर तुमच्या कानात आहे अजून. तुम्ही ऐका, मी नट फिरवतो. मिळेल आपल्याला. फक्त... रविवारी करायला लागेल. बाकीचे दिवस इथे मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही.”

गिटार पुन्हा मोरिवलीला गेली आणि तेव्हापासून रविवार सुरू झाले.

कंपन्या बंद, रस्ते सुनसान, हवेत तोच तो आंबट वास. शेडमध्ये भिंतीला लागून आणखी काही पेडल स्टील उभ्या होत्या. कुणाची पॉलिश केलेली, कुणाचे पाय काढून ठेवलेले.

“यातली कुठली वाजवता तुम्ही?” मायाने विचारलं.

“एकही नाही. मला वाजवताच येत नाही.”

“अय्या! मग कशाला जमवता?”

सुयोगने चावी फडक्याला पुसली. “वाजवणारा गेला की घरच्यांना ही नकोशी होते. पलंगाला जागा हवी म्हणतात. मला बघवत नाही.” मग हसून म्हणाला, “आईवडील गावी असतात. इथे मी एकटाच. निदान ह्या तरी सोबतीला उभ्या असतात.”

मायाला एकदम वाटलं, अरे, हा तर माझ्याच जातकुळीतला आहे. माणूस नाही म्हणून वस्तूंशी बोलणारा. तिने त्याच्या चहात साखर ढवळून दिली.

मग सुरू व्हायचं. तो नटाला चावी लावून वाकलेला, ती तार छेडून डोळे मिटलेली.

“खाली... अजून थोडं खाली.”

“एवढं?”

“नाही, फार झालं. किती घाई हो तुम्हाला!”

“घाई मला? मी तर म्हणतो सावकाश होऊ दे.”

डोळे मिटलेले असतानाही तिला कळायचं, तो आपल्याकडे बघतोय. आणि गंमत म्हणजे तिला ते आवडायला लागलं होतं. शनिवारीच ड्रेसला इस्त्री व्हायची. शेजारच्या मोतीबाई विचारायच्या, “काय गं, क्लास लावलास का कसला?”

आणि एका रविवारी तो सूर आला.

तिने पेडल दाबलं आणि तार म्हणाली, आलीस? अगदी तशीच. केसभर खाली, थकल्यासारखी, मायेने भरलेली. मायाच्या अंगावर काटा आला. बाबा इथेच कुठेतरी बसलेत, डावा पाय बाहेर टाकून... तिने डोळे उघडले. सुयोग श्वास रोखून विचारत होता, “हाच का?”

बस, एक ‘हो’ म्हणायचं होतं. मग गिटार टेम्पोत, गिटार घरात आणि आपण त्या घरात एकट्या. सूर मिळाला की रविवार संपणार होते.

“नाही,” माया म्हणाली. “अजून नाही.”

आपण बाबांच्या सुराशी खोटं बोललो म्हणून घरी येऊन ती खूप रडली. तरी पुढच्या रविवारीही गेली. “थोडं वर,” म्हणाली. त्याने चावी फिरवली. सूर होता तसाच. “आता जरा खाली.” पुन्हा तसाच. तिला नवल वाटायचं. एवढा हाताचा पक्का माणूस, याला नट कसा हलवता येत नाही? पण विचारायची सोय नव्हती. विचारलं तर आपलंच बिंग फुटणार!

मग तिच्या ऑफिसात सुट्ट्या रद्द झाल्या. एक रविवार गेला, दुसराही गेला. त्या दोन आठवड्यांत घर असं काही अंगावर आलं की बस. टीव्ही लावला, मैत्रिणींना फोन केले, नको तेवढा स्वयंपाक केला. रिकाम्या घराचं कुलूप उघडताना एकदा तर तिच्या तोंडून आपसूक ‘आले’ निघून गेलं आणि ती चप्पल न काढताच सोफ्यावर बसून राहिली. बाबांची आठवण यायची हे खरं. पण आता आणखीही कुणाची तरी यायची.

त्यानंतरच्या रविवारी तिने ठरवलं, आज खरं सांगून टाकायचं. गिटार घरी न्यायची. उगाच त्या बिचाऱ्याला किती राबवायचं?

शेडचं दार अर्धवट उघडं होतं. सुयोग पाठमोरा, बाबांच्या गिटारपुढे बसलेला. तिची चप्पल उंबऱ्यावर वाजली. तो वळला नाही. त्याने तिसरी तार छेडली आणि पेडल दाबलं.

आलीस?

माया दारातच खिळली. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

“हाच ना?” तो तसाच पाठमोरा म्हणाला.

“तुम्हाला... कधी कळलं?”

“त्याच दिवशी. तुम्ही तोंडाने ‘नाही’ म्हणालात, पण चेहरा बघत होतो ना मी.”

“अहो, मग त्यानंतर मी वर-खाली सांगत होते... तुम्ही चावी फिरवत होतात...”

“चावी नटाला लावलीच नव्हती. नुसती हवेत फिरवत होतो.” आता तो वळला. कान लालबुंद झाले होते. “सूर हलला असता तर? पुन्हा मिळाला नसता. आणि सापडला म्हटलं असतं तर तुम्ही आला नसतात.”

“लबाड!” माया रडता रडता हसली. “एक नंबरचे लबाड आहात तुम्ही!”

“आणि तुम्ही?”

ती ओढणीने नाक पुसत राहिली. सुयोग उठून उभा राहिला आणि अडखळत म्हणाला, “मी असा वाजवला म्हणून राग नाही ना आला? बाबांची जागा मला नकोय. ती त्यांचीच. पण दोन रविवार दाराकडे बघत बसलो होतो... तुम्ही आलात की विचारावंसं वाटतं. रोज विचारावंसं वाटतं, माया.”

बाहेर एक रिक्षा भुर्र करून निघून गेली. तो खाली मान घालून म्हणाला, “टेम्पो बोलावू का? गिटार न्यायला?”

“नको,” माया म्हणाली.

मग ती मागे फिरली, दाराबाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. आत सुयोगचा चेहरा पडला. पण लगेच दार पुन्हा उघडलं. ती उंबऱ्यावर उभी होती, डोळे मिटून, वाट बघत.

त्याने पेडलवर पाय ठेवला, तारेकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. शेवटी त्याने तोंडानेच विचारलं.

“आलीस?”

“आले,” माया म्हणाली आणि चप्पल काढून आत आली.